वार लावून देणारी मोठीआई

शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० सालच्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा माझी आजी आईच्या पोटात होती, आणि त्याच वर्षी आषाढातल्या लावणीच्या धांदलीत तिचा जन्म झाला. जन्मतारखेचा कागद तिच्याकडे कधीच नव्हता. रेशनकार्डापासून आधारकार्डापर्यंत प्रत्येक कागदावर तिचे वय वेगवेगळे होते आणि त्याची तिला काडीचीही फिकीर नव्हती. गेल्या कार्तिकात, वायंगणीच्या (पावसाळ्यानंतरच्या भातशेतीच्या) बांधाचे काम गावात चालू असताना, ती गेली. मिठाच्या सत्याग्रहापासून मोजले तर ९४ वर्षांचे आयुष्य तिला मिळाले. घरात आम्ही सगळे तिला मोठीआई म्हणत असू आणि गावाची ती काकी होती. तिच्याहून वयाने मोठी माणसेही तिला काकीच म्हणत.

ती गेल्यावर गावातल्या मुलांनी तिठ्यावर एक मोठा फलक लावला आणि त्यावर तिच्या छायाचित्राखाली ‘थोर समाजसेविका’ असे छापले. मुलांची भावना खरी होती, त्यामुळे कोणी काही बोलले नाही. पण हा शब्द तिला मुळीच मानवला नसता. आपण कोणाची सेवा करतो असे तिला वाटत नव्हते आणि दुसऱ्या कोणी आपली सेवा करावी हेही तिला खपत नसे. तिने आयुष्यभर जे केले त्याला आमच्याकडे साधे नाव आहे: तिने वार लावून दिले. विहिरीवर पाणी भरण्याचे वार, कौले परतायला माणसे देण्याचे वार, शिकणाऱ्या मुलांना जेवू घालण्याचे वार, आजारी माणसाजवळ रात्री बसण्याचे वार. कोणी तिच्याकडे अडचण घेऊन आले की ती सहानुभूतीचे चार शब्द बोलण्याच्या भानगडीत न पडता वही काढायची आणि ज्याच्या घरी अडचण नाही अशा एखाद्याला बोलावून विचारायची, “तुझो वार खयचो?”

ही रीत तिने कुठून घेतली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. १९४७ च्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती वेंगुर्ल्याहून मालवणपर्यंत आगबोटीने आली. त्या काळी बोट बंदरापासून दूर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना पडावांतून किनाऱ्यावर आणावे लागायचे. सोळा वर्षांची नवी नवरी लुगड्याचा ओचा सावरत पडावातून गुडघाभर पाण्यात उतरली आणि किनाऱ्यावर तिला पहिली दिसली ती रापण. पाण्यात लांबवर टाकलेले जाळे दोन्ही टोकांकडून ओढणारी पन्नास-साठ माणसे, आणि जाळे वर आले की दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. ही हकीकत ती मोठ्या चवीने सांगत असे. तिच्या माहेरी शिरोड्याला मिठागरात मजुरी रोख मिळत असे आणि मजुराचा तिथला संबंध तेवढ्यावर संपत असे. वाट्याची ही पद्धत तिला नवी होती.

पण मला वाटते, याहून खोल कारण जमिनीत होते. आमच्या घराने पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसली होती. मक्ता भातात द्यावा लागे, आणि पीक बुडाले त्या वर्षी मक्ता सोडला तर तो उपकार म्हणून सोडला जाई. मग त्या उपकाराची फेड धन्याच्या घरच्या लग्नात पाणी भरून, त्यांचे अंगण सारवून, सणासुदीला फणस आणि शहाळी पोचवून वर्षभर चालायची. मोठीआईने नव्या सुनेच्या वयात हे सगळे केले होते. कुळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली, आणि पुढे किंमत ठरून ती हप्त्यांनी भरायची सोय झाली. आमच्या घराचे हप्ते फिटायला बरीच वर्षे लागली. पण पहिला हप्ता भरून आल्यावर आजोबांनी पावती देवापुढे ठेवली आणि मोठीआईने त्या दिवसापासून धन्याच्या घरी फणस पोचवणे बंद केले, ही गोष्ट वाडीत अजून सांगितली जाते. विकत हवा असेल तर देऊ, असा निरोप तिने पाठवला होता. उपकार या गोष्टीचा तिला जो तिटकारा होता तो मला इथून आलेला दिसतो. पुढे कोणी तिचे आभार मानू लागले की ती खेकसायची, “उपकार करूक मी काय सावकार आसंय?”

वार लावण्याचे घडीव रूप मात्र तिला देवळात मिळाले असावे. आमच्या गावात दरवर्षी भजनी सप्ताह असतो. सात दिवस आणि सात रात्री भजन अखंड चालले पाहिजे, वीणा जमिनीला टेकता कामा नये, म्हणून वाडीवाडीचे पहारे ठरलेले असतात. मध्यरात्री पावसाची झड असो, घरात तान्हे मूल असो, आपल्या वाडीचा पहारा आला की कंदील घेऊन निघायचेच. सप्ताहात कोणी कोणाचे आभार मानत नाही, कारण सगळेच आळीपाळीने जागतात. ही शिस्त देवापुरती ठेवून उरलेले वर्ष माणसांनी एकमेकांना वाऱ्यावर का सोडावे, एवढाच तिचा प्रश्न होता, आणि तो तिने बारापाच मानकऱ्यांसमोर विचारल्याचे माझे वडील सांगत. त्या काळात बाईमाणसाने तिथे तोंड उघडणे रीतीला धरून नव्हते. ती पदर डोक्यावर घेऊन देवळाच्या पायरीवर उभी राहिली आणि तिथूनच बोलली.

पहिला वार पाण्याचा होता. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तरीही चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन डोंगर चढतात, याचे घाटावरच्या माणसांना आश्चर्य वाटते. आमच्याकडचा जांभा सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवत नाही, आणि डोंगर ते समुद्र हे अंतर इतके थोडे की पडलेला पाऊस व्हाळांतून बघता बघता खाडीला मिळतो. आमच्या वाडीची विहीर एप्रिलच्या मध्यापर्यंत तळ दाखवू लागायची. मग पहाटे तीनपासून बायका काठावर बसायच्या, भांडणे व्हायची, कळशा फुटायच्या, आणि ज्या घरात बाई एकटी आहे किंवा बाळंतीण आहे तिथे गाळच जायचा. मोठीआईने घरे मोजली, रात्रीतून किती पाणी झिरपते ते काठीला खुणा करून पंधरवडाभर मोजले, आणि प्रत्येक घराला दिवस आणि कळशांची संख्या ठरवून दिली. बाळंतीण असलेल्या घराला दोन कळशा जास्त, आणि त्या दोन कळशा कोणाच्या वाट्यातून जायच्या तेही ठरलेले. ती मराठी चौथीपर्यंत शिकलेली होती आणि अक्षर चांगले टपोरे होते. तो पहिला तक्ता तिने कोळशाने विहिरीजवळच्या जांभ्याच्या गडग्यावर लिहिला होता. वही नंतर आली.

या विहिरीबद्दल लिहिताना एक गोष्ट गाळून चालणार नाही. बौद्धवाडीची विहीर वेगळी होती, व्हाळाच्या कडेला, आणि ती आमच्या विहिरीच्या आधी आटायची. तिथल्या बायका आमच्या विहिरीवर आल्या तरी त्यांना स्वतः पाणी ओढता येत नसे. त्या खाली थांबायच्या आणि आमच्यातली कोणी तरी वरून त्यांच्या कळशीत ओतायची. ओतणाऱ्यांत मोठीआईही होती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला होता, रत्नागिरीला पतितपावन मंदिर १९३१ साली उघडले होते, आणि आमच्या गावात सत्तरच्या दशकातही हे चालू होते. मोठीआईने पहिली बरीच वर्षे लावलेल्या वारांत बौद्धवाडी नव्हतीच. मग एका कडक उन्हाळ्यात तिने त्यांना गुरुवार दिला, स्वतः ओढून घेण्याच्या हक्कासह. वाडीतली काही घरे रुसली, त्यांनी विहिरीकडे पाठ फिरवली आणि पावसाळा येईपर्यंत दूरच्या झऱ्यावरून पाणी आणले; मोठीआईने त्यांचे वार वहीत तसेच ठेवले आणि त्यांना समजावायला कोणाच्याही दारात गेली नाही. घरात ही गोष्ट तिच्या थोरवीची म्हणून सांगितली जाते. पण तिच्या तेराव्याला आलेली बौद्धवाडीतली तिच्याच वयाची एक बाई मला म्हणाली की गुरुवार मिळाला हे खरे, पण आठवड्याचा एकच दिवस आणि तोही निराळा होता. सगळ्यांच्या यादीत सरमिसळ नावे यायला त्यानंतर आणखी दहा-बारा वर्षे गेली. हे सांगताना तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, पण मला ते कळावे अशी तिची इच्छा स्पष्ट दिसत होती. मी वही काढून पाहिले. तिचे बरोबर होते.

जेवणाच्या वारांची गोष्ट यापेक्षा पुष्कळ आनंदाची आहे. साठच्या दशकात पंचक्रोशीत हायस्कूल एकच, आणि ते आमच्या गावात. डोंगरापलीकडच्या वाड्यांतली मुले पावसाळ्यात व्हाळांना पूर आला की शाळेला मुकायची. मोठीआईने आमच्या मांगराची एक बाजू शेणाने सारवून घेतली, मुलांना तिथे झोपायला जागा दिली आणि जेवणासाठी सात घरांचे सात वार लावले. वार लावून जेवणारी मुले आपल्याकडे पूर्वीपासून होती, पण ती बहुधा एकाच जातीच्या घरांतून जेवत आणि त्यांच्याकडे दयेने पाहिले जाई. मोठीआईने प्रत्येक मुलाला त्या त्या घरी एक काम नेमून दिले: कोणी गुरांना पाणी दाखवायचे, कोणी घरातल्या आजोबांना पत्र वाचून दाखवायचे, कोणी मुंबईला जाणारे उत्तर लिहायचे. त्यामुळे पत्र लिहून घेण्यासाठी बायका आपल्या घरचा वार कधी येतो याची वाट पाहू लागल्या. उकड्या तांदळाची पेज, खारातली कैरी आणि असेल तर भाजलेला सुका बांगडा एवढेच जेवण असायचे. कुळथाची पिठी झाली तर मेजवानी. त्या मुलांपैकी काही शिक्षक झाले, एक जण पुढे तलाठी झाला. तो निवृत्त झाल्यावर आमच्या घरी आला आणि ओटीवर बसून त्याने सातही घरांत कोणत्या वारी काय जेवण असे ते क्रमाने सांगितले. आमच्या घरच्या जेवणाचा क्रमांक त्याने खालून दुसरा लावला, तेव्हा मोठीआई खळखळून हसली होती.

आता १९८२ सालाबद्दल. कोकणातल्या कोणत्याही घराची कथा मुंबईला वगळून सांगता येत नाही. आजोबा गिरणीत होते, वाडीतल्या निम्म्याहून अधिक घरांतला एक तरी पुरुष गिरणीत होता, आणि गावकऱ्यांच्या परळ-लालबागच्या खोल्यांत पाळ्यांप्रमाणे झोपणारी ही माणसे दरमहा मनिऑर्डर पाठवायची. शेतीवर चार-सहा महिन्यांचे भात व्हायचे. उरलेले वर्ष मनिऑर्डरवर. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पहिले दोन-तीन महिने गावात कोणी मनावर घेतले नाही, संप मिटेल असेच सगळ्यांना वाटत होते. शिमग्याला पुरुषमाणसे आली ती परत गेलीच नाहीत, तेव्हा बायकांच्या लक्षात आले. पोस्टमन वाडीत यायचा तो पत्रे घेऊन; मनिऑर्डरचा फॉर्म त्याच्या पिशवीत दिसेनासा झाला.

मोठीआईने त्या वर्षी भाताची भिशी सुरू केली. दिवाळीनंतर मळणी झाल्यावर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे प्रत्येक घराने पायलीच्या मापाने भात आमच्या माळ्यावरच्या कणगीत टाकायचे. ज्याला अडेल त्याने न्यायचे. पायली भरून वरून फळी फिरवायची आणि सपाट माप द्यायचे. पुढच्या मळणीला परत करताना शीग लावून करायचे, म्हणजे मापावर राहील तेवढा उंच ढीग ठेवून. ती शीग हेच व्याज, आणि त्यातून उंदीर, कीड आणि वाळवण यांची तूट निघायची. उरले तर गणपतीत ज्या घरी काहीच नाही त्या घराला द्यायचे, आणि तेही वहीत त्या घराच्या नावे मांडायचे. फुकट भात तिने कोणालाही दिले नाही, अगदी सख्ख्या नणंदेलासुद्धा नाही. नणंदेने त्यावरून दोन वर्षे अबोला धरला. मला लहानपणी हे फार निर्दयपणाचे वाटायचे. पुढे माझ्या लक्षात आले की कणगीतून भात नेणारी माणसे आमच्या खळ्यात मान वर करून येत, मोठ्याने गप्पा मारत, माप नीट भरले नाही तर भांडत; कोणीही तोंड चोरून मागच्या दाराने येत नसे. आजोबा स्वतः संपातच होते. ते गिरणीत परत गेले नाहीत. त्यांनी वायंगणी शेती सुरू केली, पण मनाने ते तिथेच कुठे तरी गिरणीच्या फाटकाशी राहिले आणि काही वर्षांनी गेले. त्यांच्या आजारपणात रात्री जवळ बसायला वाडीतल्या पुरुषांचे वार लागले होते. ते मोठीआईने लावले नव्हते. पहिल्या रात्री ती वही उघडून बसली तेव्हा यादी आधीच तयार होती, असे आई सांगते.

नव्वदच्या दशकात बचतगटांचे वारे आले. नाबार्डने १९९२ साली गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला होता आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या गावातही साहेब लोक बायकांच्या सभा घेऊ लागले. त्यांनी सांगितलेली नियमितता, वही, आळीपाळीने कर्ज, परतफेड ही सगळी सूत्रे बायकांना तोंडपाठ होती. फक्त भाताच्या जागी पैसे आले होते. १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा आल्या, तेव्हा काकीने उभे राहावे असा आग्रह तिन्ही पक्षांनी धरला होता. तिने तिघांनाही चहा दिला आणि “खुर्चीर बसान वार लावूक येणत नाय” असे सांगून वाटेला लावले. माझ्या मते हा तिचा हट्ट होता आणि त्याने गावाचे नुकसान झाले, कारण निवडून आलेली बाई नवऱ्याच्या सांगण्याप्रमाणे सह्या करीत राहिली आणि आमच्या वाडीची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, पाच वर्षे तशीच राहिली. यावर आमचे एकदा कडाक्याचे भांडणही झाले. तिने माझे सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पाखाडीसाठी श्रमदानाचे वार लावले, ज्यात माझे नाव पहिले होते.

घरातल्या तिच्याबद्दल आईला आणि धाकट्या काकूला विचारावे. वाडीला वार होते, पण घरच्या सुनांना वार नव्हता. मांगरातली मुले आमच्या घरी सोमवारी जेवायची, पण सोमवारचे भाताचे टोप आईने उचलले. भाताची कणगी मोठीआईची असे गाव म्हणे. ती शेणाने लिंपणे, उन्हात भात पसरणे, पावसाची सर आली की धावत गोळा करणे हे सुनांचे. “गावाक वार, आमका रोजचाच,” असे काकू म्हणायची, आणि ते मोठीआईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. गंमत म्हणजे या बाबतीत तिच्यावर तिचीच रीत उलटली. वडील एसटीतून निवृत्त झाल्यावर आईने एके दिवशी स्वयंपाकघराच्या दाराला एक कागद चिकटवला. त्यावर घरातल्या सगळ्यांची नावे होती, पुरुषांची सुद्धा, आणि वडिलांच्या नावापुढे बुधवार. मोठीआई तो कागद बराच वेळ वाचत उभी राहिली. बुधवारी सकाळी वडिलांनी बिड्याच्या तव्यावर घातलेले घावणे तिने बघितले, ते घावणे आहेत की गोधडीचे तुकडे आहेत असे विचारले, आणि तीन खाल्ले. तो कागद नंतर कधी निघाला नाही.

१९९८ साली २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, गावातली तरुण मुले आणखी सहज बाहेर जाऊ लागली, लावणीला माणसे मिळेनाशी झाली आणि वहीतली नावे कमी होत गेली. एखाद्या घरासमोर मोठीआई नुसती आडवी रेघ ओढायची: घराला कुलूप. या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती म्हातारी होत होती आणि गाव तिच्याबरोबर म्हातारे होत होते.

मग २०२० सालचा मे महिना आला. मुंबईतून चाकरमानी गावी परतू लागले आणि ज्यांच्या मनिऑर्डरींवर गावे जगली त्याच माणसांना वेशीवर अडवण्याची भाषा काही ठिकाणी ऐकू येऊ लागली. आमच्याकडेही सभा झाली. बाहेरून आलेल्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचे ठरले, पण त्यांच्या जेवणाचे काय यावर कोणी बोलेना. नव्वदीतली मोठीआई सभेला गेली नव्हती. तिने वडिलांकडून शाळेत किती माणसे आहेत ते विचारून घेतले, वही मागवली आणि हात थरथरत असल्यामुळे नावे मला सांगून लिहून घेतली. टाळेबंदीमुळे मी तेव्हा गावीच अडकले होते. घरे निम्मी बंद असल्यामुळे एकेका घराला आठवड्यात दोन वार येत होते. डबे शाळेच्या गडग्यावर ठेवायचे, हाक मारायची आणि मागे फिरायचे. सर्वांत जास्त आरडाओरडा करणाऱ्या माणसाला तिने पहिला वार दिला होता. त्याने कुरकुर केली, पण डबा वेळेवर पोचला, आणि त्यात सोलकढीची बाटलीही होती.

पुढच्या वर्षी १६ मे रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. माड मुळासकट पडले, हापूसची शेवटची तोड जमिनीवर आली, विजेचे खांब वाकले आणि कित्येक दिवस अंधार होता. नळपाणी पंपावर चालते, त्यामुळे पाणीही नाही. ज्या विहिरीवर कोणी फिरकत नव्हते तिथे पुन्हा कळशा आल्या. कोणी तरी मालवणहून भाड्याने जनरेटर आणला आणि तो कोणाच्या टाकीला आधी लावायचा यावर तरण्याताठ्या मुलांची जुंपली. त्यांतला एक जण शेवटी आमच्या खळ्यात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, काकी, वार लावून द्या. तिने लावले. मोबाइल चार्ज करायचे वारही तिने त्याच यादीत घातले. मोबाइलला किती वेळ लागतो ते मात्र तिला विचारून घ्यावे लागले. ज्यांची मुले मुंबईत किंवा परदेशात होती त्या म्हाताऱ्यांचे फोन पहिले.

तो तिचा शेवटचा तक्ता. त्यानंतर ती बहुतेक वेळ पडवीतल्या बाकावर असायची, दृष्टी गेली होती, पण येणाऱ्याच्या पावलांवरून ती त्याचे नाव घेत असे. शेवटच्या आजारात तिने आम्हाला रुग्णालयात न्यायचे नाही असे बजावले होते. रात्री बसायला वाडीतून माणसे येत. आता आठ-दहा घरेच उघडी असल्यामुळे बौद्धवाडीतली आणि गाबतवाडीतली माणसेही यादीत होती, आणि यादी व्हॉट्सअॅपवर होती.

तेरावे झाल्यावर आईने आणि काकूने वही उघडली. पहिल्या पानांची शाई उडाली आहे, मधली काही पाने वाळवीने खाल्ली आहेत. कणगीचा हिशेब मात्र अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. भात पिकवणारी घरे चार-पाचच उरली तरी ती आपापल्या पायल्या नेत होती आणि आणत होती. बाकी असलेल्या नावांचे काय करायचे यावर घरात चर्चा झाली. वडिलांचे म्हणणे होते की तिच्या नावाने सगळ्यांची बाकी सोडून द्यावी. काकू म्हणाली, सोडली तर लोक समजतील आपण उपकार करतो, आणि ती भूत होऊन येईल. तेवढ्यात आईला शेवटच्या पानावर आमच्याच घराचे नाव सापडले. आदल्या वर्षी पावसात आमचे भात भिजले होते तेव्हा मोठीआईने वाटेपलीकडच्या शेजारणीच्या वाट्यातून दोन पायल्या घेतल्या होत्या आणि त्या परत केल्याची नोंद नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दोन पायल्या भात टोपलीत घालून शेजारणीकडे गेली. शेजारीण ऐंशीच्या पुढची आहे, तिला गुडघ्यांमुळे उठवत नाही. तिने नातवाकडून लाकडी पायली आणवली, सुपातून स्वतः भात भरून घेतले, दोन्ही मापे काठोकाठ झाल्यावर टोपलीत हात फिरवून पाहिला. टोपली रिकामी होती.

“शीग खय गेली गो?” ती म्हणाली.

आईला परत यावे लागले. माळ्यावर चढून तिने दोन ओंजळी भात आणखी काढले, ते घेऊन गेली, आणि येताना शेजारणीच्या हातची सही वहीत घेऊन आली.